विषय नको, प्रश्न हवा: महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना संशोधन शिकवणाऱ्या ग्रंथपालांसाठी

टीवायबीएच्या अर्थशास्त्राच्या मुलांना प्रकल्पाचे विषय मिळाले की दोन-चार दिवसांत देवघेव खिडकीवर ठरलेला प्रश्न येतो: "मॅडम, जलयुक्त शिवारवर एखादं पुस्तक आहे का?"

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी लगेच उठायचे, दोन पुस्तके आणि एखादा जुना अंक शोधून हातात द्यायचे. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांपैकी चौथा, 'वाचकाचा वेळ वाचवा', आपण नीट पाळला असे वाटायचे. मार्चमध्ये प्रकल्प ग्रंथालयात जमा झाले की त्याच दोन पुस्तकांतली पाने जशीच्या तशी उतरवलेली दिसायची. मुलांनी नक्कल केली हे खरे. पण नक्कल सोडून दुसरे काय करायचे, हे त्यांना कोणीच दाखवले नव्हते, आणि त्या 'कोणीच'मध्ये मीही होते. मी त्यांची दहा मिनिटे वाचवली होती आणि शिकण्याची संधी घालवली होती.

त्यानंतर आमच्या ग्रंथालयात हळूहळू जी पद्धत बसली, ती इथे पायरीपायरीने सांगते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा अभ्यासक्रम २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत आला, तेव्हापासून फील्ड प्रोजेक्ट आणि संशोधन प्रकल्प हे मोजक्या मुलांचे काम उरलेले नाही. छोट्या गावातल्या, बारा संगणकांच्या ग्रंथालयालाही हे शिकवावे लागणार आहे, आणि ते शिकवता येते.

आधी विषयशिक्षकांकडे जा

जून-जुलैतला उद्बोधन वर्ग आपण सगळेच घेतो. ग्रंथालयाची वेळ, किती पुस्तके मिळतात, दंड किती, ओपॅक (ग्रंथालयाची संगणकावरची सूची) कुठे आहे, एवढे सांगायला तो ठीक आहे. संशोधन मात्र त्या दिवशी शिकवू नका. विद्यार्थ्याच्या डोक्यात अजून प्रश्नच नसतो, त्यामुळे डेटाबेसची नावे एका कानातून शिरतात आणि दुसऱ्यातून निघतात. शिकवण्याची खरी वेळ म्हणजे विषय मिळाल्यानंतरचा पहिला आठवडा. पोटात भूक लागलेली असते तेव्हाच घास घशाखाली उतरतो.

म्हणून विषयवाटपाच्या आधी विभागात जाऊन तीन गोष्टी मागून घ्या: प्रकल्पाच्या सूचनांचा कागद, गुण कसे देणार ते, आणि एक-एक आठवड्याच्या अंतराने अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तीन तासिका. एकच तासिका मिळाली तर घ्या, पण तिच्यात तिन्ही तासिकांचा ऐवज कोंबू नका. एका तासात दोन कौशल्ये, त्याहून जास्त नाही. शिक्षकांनी त्या तासांना वर्गात थांबावे असा आग्रह धरा. ते बसले की मुलांना कळते की हा प्रकल्पाचाच भाग आहे. शिवाय "किमान पाच संदर्भ हवेत" यासारखी सूचना बदलून "किमान एक सरकारी आकडेवारी, एक संशोधन लेख आणि एक प्रत्यक्ष मुलाखत हवी" अशी करायला ते तिथल्या तिथे तयार होतात. ही एक सूचना बदलली तर तुमचे अर्धे काम होते.

तासाआधी आणखी एक काम न चुकता करा. गेल्या वर्षीचे दहा प्रकल्प काढा आणि फक्त शेवटची पाने वाचा. संदर्भसूचीत काय आहे? गाईड, एक-दोन पाठ्यपुस्तके, 'गूगल' आणि 'विकिपीडिया' असे नुसते शब्द, पत्ता नसलेल्या वर्तमानपत्रांची नावे. तुमच्या मुलांना नेमके काय येत नाही हे कुठल्याही चाचणीपेक्षा या दहा पानांतून चांगले कळते. मी ही पाने झाकल्या नावांनी पहिल्या तासाला फळ्यावर मांडते आणि विचारते, "यातलं कुठलं पान वापरून तुम्हाला ते पुस्तक परत सापडेल?"

पहिली पायरी: विषयाचा प्रश्न करणे

आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली एक मुलगी जलयुक्त शिवार, म्हणजे राज्य सरकारची जलसंधारणाची योजना, हा विषय घेऊन आली होती. आमचे बोलणे साधारण असे झाले.

"हा विषय का घेतलास?"

"सरांनी यादीत दिला होता. आणि आमच्याकडं झालंय ते काम."

"कुठं?"

"आमच्या गावाला. ओढा खोल केला. बंधारे घातले."

"मग पाणी आलं का?"

ती थांबली. "पहिल्या वर्षी आलं. पुढं परत टँकर लागला."

तिचा प्रकल्प तिथे सुरू झाला. 'जलयुक्त शिवार' हा विषय आहे. 'काम झाल्यावर आमच्या गावाचा टँकर बंद झाला का?' हा प्रश्न आहे. विषयावर माहिती गोळा करतात, प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. आणि उत्तर उतरवून काढता येत नाही, कारण ते कुठल्याच पुस्तकात तयार नसते. नक्कल रोखायचा याहून खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही.

वर्गात हे करताना मी जोड्या पाडते. एकाने विषय सांगायचा, दुसऱ्याने पाचच गोष्टी विचारायच्या: नेमके कुठे? कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत? कोणाच्या बाबतीत? कशाशी तुलना? आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची: उत्तर 'हो' असेल तर ते कशावरून दिसेल? पंधरा मिनिटांनी प्रत्येकाने एक वाक्य लिहायचे, शेवटी प्रश्नचिन्ह असलेले. त्या मुलीचे वाक्य दोन फेऱ्यांनंतर असे झाले: '२०१५ ते २०१९ या काळात माण तालुक्यातल्या, जलयुक्त शिवारची कामे झालेल्या दोन गावांत उन्हाळ्यातले टँकर कमी झाले का?' त्यात गाव आहे, काळ आहे, मोजता येणारी वस्तू आहे.

प्रश्न लगेच सुबक होत नाही, आणि होऊ नये. कॅरल कुलथाऊ या अमेरिकी अभ्यासिकेने विद्यार्थ्यांच्या शोधप्रक्रियेचा माग घेतला, तेव्हा त्यांना दिसले की सुरुवातीला उत्साह असतो, मग वाचन वाढते तसा गोंधळ आणि शंका वाढतात, आणि प्रश्नाला आकार आल्यावरच आत्मविश्वास परततो. हे मुलांना मोकळेपणाने सांगा. "दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की आपल्याला काहीच येत नाही. तसं वाटलं की समजा काम सुरू झालंय. तेव्हा विषय बदलू नका, माझ्याकडे या." खेड्यातून आलेली, घरात पहिलीच पदवीला पोचलेली मुले हा गोंधळ स्वतःची कमतरता समजतात आणि ग्रंथालयात यायचेच थांबतात. त्यांच्यासाठी हे वाक्य कुठल्याही डेटाबेसपेक्षा मोलाचे आहे.

दुसरी पायरी: शब्दांचा तक्ता

मराठीतून शोध घेणाऱ्याच्या वाटेत इतके खड्डे आहेत की ते कोणी दाखवले नाहीत तर हुशार विद्यार्थीही "काहीच सापडत नाही" म्हणून परत येतो. या पायरीला मी अख्खी अर्धी तासिका देते.

कोऱ्या कागदावर चार रकाने आखायला सांगा: लोक काय म्हणतात, सरकार काय म्हणते, इंग्रजीत काय म्हणतात, पूर्वी काय म्हणत. गावात 'टँकर' म्हणतात, सरकारी कागदावर 'टंचाईग्रस्त गावांना पाणीपुरवठा' असते. गावात 'ओढा खोल केला', परिपत्रकात 'नाला खोलीकरण व रुंदीकरण'. लोक 'दुष्काळ' म्हणतात, महसूल खात्यात 'पैसेवारी', जुन्या कागदांत 'आणेवारी'. इंग्रजी रकान्यात 'ड्रॉट', 'ग्राउंडवॉटर', 'वॉटरशेड'. संशोधन लेख बहुतेक या तिसऱ्या रकान्यातल्या शब्दांनी सापडतात आणि आकडेवारी दुसऱ्या रकान्यातल्या शब्दांनी. पहिल्या रकान्यातल्या शब्दांनी सापडतात फक्त बातम्या. विद्यार्थी नेमका तेवढाच रकाना वापरत असतो.

मग मराठीच्या खास अडचणी. त्या फळ्यावर एकेक उदाहरण देऊन दाखवा.

सामान्यरूप: 'पाणी' असे शोधले तर 'पाण्याचा', 'पाण्यासाठी' निसटतात, कारण अक्षरेच बदलतात. 'गाव' आणि 'गावा' यांत एवढी अडचण येत नाही, कारण मूळ शब्द आत शाबूत राहतो. म्हणून पीडीएफमध्ये शोधताना 'पाणी' आणि 'पाण्या' असे दोन वेळा शोधायचे. विद्यार्थ्यांना व्याकरणाचा इतका थेट उपयोग पहिल्यांदाच दिसतो.

टंकलेखन: 'ऱ्य' आणि 'ॲ' ही अक्षरे युनिकोडमध्ये एकाहून जास्त प्रकारे टंकता येतात. पडद्यावर सारखी दिसतात, संगणकाला वेगळी वाटतात. 'शेतकऱ्यांना' हा शब्द समोर दिसत असूनही शोधात येत नसेल तर कारण बहुधा हेच. अशा वेळी शब्दाचा निर्धोक तुकडा, नुसते 'शेतक', शोधावा.

जुने फॉन्ट: युनिकोड रुळण्याआधीचे बरेच अहवाल आणि अंक श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला येतो. असे कागद शब्दाने सापडत नाहीत. ते सापडतात संस्थेच्या नावाने, वर्षाने, आणि शेवटी अनुक्रमणिका डोळ्यांखालून घालून. स्कॅन केलेल्या पानांचेही तेच.

जुने लेखन: १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छपाईत 'नाहीं', 'केलें' असेल. शंभर वर्षांपूर्वीच्या अंकात शोधायचे तर त्या काळचे लेखन हाताला हवे.

गावांची नावे: इंग्रजी राजवटीच्या कागदांत पुण्याचे 'पूना', सोलापूरचे 'शोलापूर', ठाण्याचे 'ठाणा' आहे. अलीकडच्या काळात औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. २०११ च्या जनगणनेतली आकडेवारी जुन्या नावाखालीच मिळेल. दोन्ही नावे तक्त्यात लिहायची.

शोधाच्या खुणा शेवटी, पाच मिनिटांत: सलग शब्द अवतरणचिन्हांत, नको तो शब्द वजा चिन्ह लावून बाद, आणि गूगलमध्ये 'साइट' या इंग्रजी शब्दापुढे कोलन देऊन सरकारी संकेतस्थळाचा पत्ता. या तिसऱ्या खुणेने एकाच संकेतस्थळाच्या आत शोधता येते. सरकारी संकेतस्थळांचा स्वतःचा शोधखाना अनेकदा नीट चालत नाही, तिथे ही युक्ती फार कामाला येते.

तिसरी पायरी: कुठे आणि कोणत्या क्रमाने

इथे ग्रंथपालाला मोह होतो की आपल्याकडचे सगळे दाखवावे. आवरा. मी क्रम शिकवते, यादी नाही.

आधी पार्श्वभूमी. मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर मोफत वाचता येतो; पाण्याविषयीच्या नोंदींपासून सुरुवात केली की विषयाची परिभाषा मराठीतच मिळते. त्याच्या जोडीला आपल्या जिल्ह्याचे गॅझेटियर. साताऱ्याचे मुंबई इलाख्याचे गॅझेटियर १८८५ चे आहे. त्या काळी माणचा पाऊस आणि दुष्काळ याबद्दल काय लिहिले होते ते वाचताना त्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा होता. आपल्या गावाचा प्रश्न एवढा जुना आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मग कपाट. ओपॅकवर एक शब्द टाकून थांबू नका, मुलांना उठवा. ड्यूई दशांश वर्गीकरणात पाण्याचा विषय एका जागी नसतो: जलसंपत्ती ३३३.९१ ला, शेतीचे अर्थशास्त्र ३३८.१ ला, पाणी आणि मातीचे शेतीतले तंत्र ६३१ ला, भूजलाचे शास्त्र ५५१ ला. चार गट करून चार कपाटांकडे पाठवा, प्रत्येक गटाने एक पुस्तक आणून 'आमच्या कपाटातला लेखक या प्रश्नाकडे कसा बघतो' ते दोन वाक्यांत सांगायचे. दहा मिनिटांचा हा खेळ. एकाच प्रश्नाला अर्थशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि समाजशास्त्र वेगवेगळ्या बाजूंनी भिडतात, हे भाषणाने कळत नाही, पायांनी कळते.

त्यानंतर संशोधन लेख. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्टचे सभासदत्व असेल तर हजारो नियतकालिके आणि ई-पुस्तके मुलांना घरून उघडता येतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही एकाच वर्गणीत संशोधन नियतकालिके देणारी योजना सरकारी संस्थांसाठी आहे. तुमची संस्था त्यात येते का हे आधी पाहून घ्या आणि मगच वर्गात सांगा. एन-लिस्टबाबत अनुभवाचा सल्ला: सर्वांची खाती तासाच्या आठ दिवस आधी उघडून, प्रत्येकाला स्वतःच्या मोबाइलवर एकदा आत जायला लावा. माझा एक पूर्ण तास पासवर्डच्या निरोपांची वाट बघण्यात गेला आहे. वीज आणि नेट दोन्ही दगा देऊ शकतात, म्हणून शोधाच्या प्रत्येक टप्प्याची छापील पडदाचित्रे जवळ ठेवा. साठ मुले आणि बारा संगणक असतील तर पाच-पाच जणांत एक यंत्र, आणि माउस दर पाच मिनिटांनी पुढच्याच्या हातात. नाहीतर एकच मुलगा शोधतो आणि चौघे बघतात.

शोधगंगेला वेगळा वेळ द्या. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे मोफत आहेत, मराठीतलेही पुष्कळ. पदवीच्या विद्यार्थ्याने तीनशे पानांचा प्रबंध वाचावा अशी अपेक्षा नाही. त्याने दोनच ठिकाणी जावे: 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे प्रकरण आणि संदर्भसूची. एखाद्या अभ्यासकाने चार-पाच वर्षे खपून केलेली वाट तिथे तयार असते. तिथून एक चांगला लेख मिळाला की तो गूगल स्कॉलरवर टाकायचा आणि त्याखालच्या 'साइटेड बाय' या दुव्यावर जायचे. संदर्भसूची मागे नेते, हा दुवा पुढे आणतो. ही दोन दिशांची चाल एकदा हातात बसली की विद्यार्थी जन्मभर विसरत नाही.

आकडेवारीसाठी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन', 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी', २०११ ची जनगणना जिल्हा पुस्तिका, आणि पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. या यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. टँकरचे गाववार आकडे मात्र नेटवर सहज मिळत नाहीत. त्यासाठी दहिवडीच्या तहसील कार्यालयात किंवा पंचायत समितीत जावे लागले. अशा ठिकाणी विभागाच्या शिक्क्याचे पत्र सोबत द्या. तरीही कागद मिळाला नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे: दहा रुपये शुल्क आणि उत्तराला तीस दिवसांची मुदत. हे तीस दिवस प्रकल्पाच्या वेळापत्रकात आधीच धरायला शिकवा, कारण जानेवारीत अर्ज सुचला तर उपयोग नाही.

चौथी पायरी: विश्वास कोणावर, आणि कशापुरता

'विश्वासार्ह स्रोत वापरा' हे वाक्य मी बोलायचे सोडून दिले आहे. त्याने मुले एवढेच शिकतात की सरकारी ते खरे आणि ब्लॉग तो खोटा. त्याऐवजी एकाच गोष्टीवरचे चार कागद समोर ठेवा.

जलयुक्त शिवार यासाठी उत्तम आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेचे ध्येय 'टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९' असे होते. पहिला कागद सरकारी माहितीपत्रक: किती कामे, किती साठवणक्षमता. दुसरा, भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे कॅगचा २०२० मध्ये विधिमंडळात आलेला अहवाल. भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम झाला नाही असे तो म्हणतो. तिसरा, यशस्वी गावाची वर्तमानपत्रातली बातमी. चौथा, मुलीने घेतलेली टँकरचालकाची मुलाखत. मग विचारा: यातला कोण खोटे बोलतोय? वर्गात वाद होऊ द्या. हळूहळू कोणीतरी म्हणतेच, "मॅडम, खोटं कोणीच बोलत नाही. हे कामं मोजतायत, ते परिणाम मोजतायत." त्या क्षणासाठी सगळा तास मांडलेला असतो.

अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या माहिती साक्षरतेच्या आराखड्यात सहा संकल्पना आहेत. त्यांतली मला सर्वांत पटलेली हीच: अधिकार हा संदर्भावर ठरतो. कोणत्या वस्तीवर मे महिन्यात किती खेपा गेल्या, याबाबत टँकरचालक प्राध्यापकापेक्षा अधिकारी माणूस आहे. भूजल का घटले याबाबत तो नाही. आपल्या आजीचे, शेजाऱ्याचे सांगणे हाही पुरावा असू शकतो, फक्त कशाचा पुरावा ते नेमके सांगावे लागते, हे कळल्यावर खेड्यातल्या मुलांची मान ताठ होते.

कारण-परिणामाची घाईही इथेच रोखा. टँकर कमी झाला तो बंधाऱ्यामुळे, की त्या वर्षी पाऊस बरा झाला म्हणून? ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, मग २०१९ च्या उन्हाळ्यातल्या टँकरचा दोष कोणाला द्यायचा? त्याच काळात पाणी फाउंडेशनची गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धाही चालू होती. २०१६ साली ती वरुड, अंबाजोगाई आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कोरेगावात सुरू झाली होती. एकाच शिवारात दोघांची कामे असतील तर श्रेय कसे वाटायचे? उत्तर सापडले नाही तरी चालेल. प्रकल्पात 'हे मला वेगळे करता आले नाही' असे एक प्रामाणिक वाक्य आले पाहिजे.

अनोळखी संकेतस्थळ तपासताना त्याच संकेतस्थळावरचे 'आमच्याविषयी' वाचत बसू नये. ते बाजूला ठेवून दुसऱ्या खिडकीत त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहावे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांबद्दल पदव्युत्तर मुलांना नक्की सांगा. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'यादीत आहे म्हणजे चांगले' हा सोपा आधार गेला. संपादक मंडळातली माणसे खरोखर तिथे आहेत का, परीक्षणाला किती दिवस लागतात, शुल्क कधी मागतात, हे स्वतः तपासावे लागते. 'सात दिवसांत प्रकाशन' अशी जाहिरात दिसली की थांबायचे.

चॅटजीपीटीवर बंदी घालून काही होत नाही, मुले वापरतातच. मी वर्गात त्यालाच आमच्या विषयावरचे पाच मराठी संदर्भ मागते आणि पाच गटांना एकेक वाटते: लेखक खरा आहे का, पुस्तक ओपॅकवर किंवा दुसऱ्या ग्रंथालयाच्या सूचीत आहे का, लेख त्या खंडात, त्या पानावर आहे का. लेखक खरा पण पुस्तक त्याने लिहिलेलेच नाही, असे एक जरी सापडले तरी धडा पुरतो. शब्दांच्या तक्त्यातला इंग्रजी रकाना भरायला हे साधन चांगले आहे. संदर्भ द्यायला नाही.

पाचवी पायरी: नोंदी, उतारे आणि संदर्भसूची

वाङ्मयचौर्याची सुरुवात बहुतेक वेळा वाईट हेतूतून होत नाही, वाईट नोंदींतून होते. वहीत उतरवलेले वाक्य आपले की पुस्तकातले, हे महिन्याभराने आठवत नाही. म्हणून साधा नियम: पुस्तकातले शब्द अवतरणात आणि शेजारी पान क्रमांक, स्वतःचे विचार दुसऱ्या शाईत. आणि एक सराव वर्गातच करून घ्या. एक परिच्छेद वाचायचा, पुस्तक पालथे घालायचे, शेजारच्याला बोलून सांगायचा, मग लिहायचा. पुस्तक उघडे ठेवून 'स्वतःच्या शब्दांत' लिहायला सांगितले की मुले फक्त समानार्थी शब्द घालतात.

यूजीसीचे २०१८ चे विनियमही सांगा, पण धाक म्हणून नाही. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, दहा ते चाळीस टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचे, चाळीस ते साठला वर्षभर सादर करता येत नाही, साठच्या वर नोंदणी रद्द. हे आकडे ऐकल्यावर मुले लगेच विचारतात, "म्हणजे नऊ टक्के चालतं?" तेव्हा स्पष्ट सांगा की टक्का हे यंत्राचे मोजमाप आहे, दुसऱ्याचे एक वाक्य आपले म्हणून दिले तरी ते दुसऱ्याचेच राहते.

संदर्भसूचीची शैली विभाग ठरवेल ती, पण एकच. झोटेरो हे संदर्भ नोंदवायचे मोफत सॉफ्टवेअर शिकवायला एक तासिका पुरते, मात्र आधी प्रत्येकाला तीन नोंदी हाताने करायला लावा: आडनाव, नाव, पुस्तक, प्रकाशक, गाव, वर्ष. हाताने केल्याशिवाय झोटेरोने केलेली चूक ओळखू येत नाही, आणि मराठी नोंदींत तो नाव-आडनावाची अदलाबदल करू शकतो. जुन्या मराठी पुस्तकांवर इसवी सन नसतो, शके असतो. शके १८४५ दिसले तर त्यात ७८ मिळवून १९२३; शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारी ते मार्चमधल्या तारखांना ७९ मिळवावे लागतात. १९५० पर्यंतच्या मराठी पुस्तकाचा तपशील अर्धवट असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची उघडायला शिकवा. तो जाड ग्रंथ आमच्या संदर्भ विभागात वर्षानुवर्षे न हलता पडून होता, आता दर हिवाळ्यात टेबलावर असतो.

मुलाखतीचीही नोंद सूचीत हवी: कोणाची, कुठे, कोणत्या तारखेला. नाव गुप्त ठेवायचे असेल तर 'टँकरचालक, वय अंदाजे ४५' एवढे पुरते, पण परवानगी विचारलेली असावी.

तासानंतर: समोरासमोरची वीस मिनिटे

वर्गात शिकवलेले निम्मे तिथेच राहते. उरलेले एकेकट्याच्या भेटीत उतरते. प्रकल्पाच्या काळात आठवड्यातून दोन दुपारी ठरलेल्या वेळी टेबलावर बसा आणि वहीवर वीस-वीस मिनिटांच्या वेळा लावा. या भेटीत माउस आणि पेन विद्यार्थ्याच्याच हातात राहू द्या. तुम्हाला उत्तर दिसत असते आणि हात शिवशिवतो, तरी. "आता कुठला शब्द टाकशील?" असे विचारून गप्प बसणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत अवघड काम आहे.

भेटीला येताना प्रत्येकाने शोधवही आणायची. एका पानावर तारीख, टाकलेले शब्द, कुठे शोधले, काय मिळाले, पुढे काय. फसलेले शोधही लिहायचे. विभागाने या वहीला शंभरातले दहा गुण द्यायचे मान्य केले आणि मुलांचे काम फेब्रुवारीऐवजी डिसेंबरमध्येच सुरू झाले. आपण शिकवलेले पोचले का हे मी दोन गोष्टींवरून ताडते. एक, वहीत शब्द बदलत गेले आहेत का. दुसरी, संदर्भसूचीतल्या प्रत्येक नोंदीचा मजकुरात खरोखर उपयोग झाला आहे का. दहा प्रकल्प घेऊन गेल्या वर्षीच्या दहाशी ताडून बघा आणि तो कागद विषयशिक्षकांना दाखवा. पुढच्या वर्षी तासिका मागाव्या लागत नाहीत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइललाही तो कागद लागतो, पण ते नंतरचे.

माणच्या त्या मुलीला दोन गावांचे उत्तर वेगवेगळे मिळाले. एका गावात टँकर दोन उन्हाळे आलाच नाही, दुसऱ्यात पहिल्या वर्षानंतर पुन्हा सुरू झाला. ग्रामपंचायतीतल्या लोकांनी बंधाऱ्यातल्या गाळाकडे आणि नव्या बोअरवेलींकडे बोट दाखवले. तिने दोन्ही कारणे लिहिली आणि कोणते मोठे हे ठरवायला माझ्याकडे पुरेसे आकडे नाहीत, असेही लिहिले. तिची परवानगी घेऊन आम्ही त्या प्रकल्पाला दाखल क्रमांक दिला, ओपॅकवर चढवला आणि ३३३.९१ च्या कपाटात ठेवला. यंदा खटावचा एक मुलगा तोच घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, हिनं बोअरवेली मोजल्या नाहीत. मी मोजू का?"